तरुणपणींची छातींतील कळ

मनुष्याला होणाऱ्या नाना प्रकारच्या वेदनांमध्यें छातींतील वेदनेइतकी भयप्रद वेदना दुसरी क्वचितच असेल. डोकें दुखलें तर मनुष्य कपाळाला सुंठ उगाळून लावतो व निजतो. पोट दुखलें तर ओवा चावतो. परंतु छातींत डाव्या बाजूस एखादी कळ उठली कीं, त्याचे सारे व्यवहार जागच्या जागीं थांबतात. हात आपोआप छातीकडे जातो, श्वास रोखला जातो, आणि मनांत एकच प्रश्न उभा राहतो, 'हें हृदयाचें तर नव्हे ना?' पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाच्या मनांत हा प्रश्न येणें साहजिक आहे, व त्यानें तो तत्काळ डॉक्टरांपुढें मांडणेंहि अवश्य आहे. परंतु वीस-बावीस वर्षांच्या, एरव्हीं धडधाकट अशा तरुणास ही कळ वारंवार येऊं लागली, डॉक्टरांनीं त्यास तपासलें, आलेख काढले आणि 'कांहीं आढळत नाहीं' असें सांगितलें, म्हणजे त्याची जी चमत्कारिक अवस्था होते, तिचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

'कांहीं आढळत नाहीं' ह्या तीन शब्दांचा अर्थ निरनिराळा लावला जातो. घरांतील वडील माणसें म्हणतात, 'डॉक्टरांनींच सांगितलें कीं कांहीं नाहीं. आतां हें ढोंग पुरे.' उलट तो तरुण मनांत म्हणतो, 'मला तर कळ येते. तेव्हां डॉक्टरांस न सांपडलेला असा कांहीं तरी भयंकर रोग आंत दडलेला असला पाहिजे.' एक पक्ष वेदनाच नाकारतो, दुसरा पक्ष डॉक्टरांचा निर्वाळा नाकारतो. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या असून दोहोंपासूनहि तरुणाचें नुकसान होतें. पहिलीमुळें तो घरांत एकाकी पडतो. दुसरीमुळें खेळ, व्यायाम, प्रवास व शेवटीं अभ्यास हीं एकेक करून सोडूं लागतो. वास्तविक ह्या शब्दांचा खरा अर्थ तिसराच आहे, व तो समजण्यासाठीं शरीराची थोडी रचना आणि वैद्यकाचा थोडा इतिहास पाहणें जरूर आहे.

प्रथम रचना पाहूं. छाती म्हटली कीं, आपणांस हृदय आठवतें. परंतु त्या पिंजऱ्यांत हृदयाचे शेजारी पुष्कळ आहेत. बरगड्यांच्या बारा जोड्या पाठीच्या कण्यापासून निघतात; त्यांपैकीं वरच्या सात जोड्या पुढील बाजूस कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, योगानें छातीच्या मधल्या हाडास जोडलेल्या असतात. बरगड्यांच्या मधून मधून स्नायु आहेत. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारें १२ ते १६ वेळां श्वास घेतो. म्हणजे दिवसाकाठीं हा सारा सांगाडा वीस हजार वेळां वर-खालीं होतो. आंत दोन फुप्फुसें व त्यांवरील पातळ आवरण, मध्यें हृदय व त्याचें आवरण, मोठ्या रक्तवाहिन्या, हृदयाच्या पाठीमागून खालीं उतरणारी अन्ननलिका, आणि तळाशीं छाती व पोट ह्यांस वेगळें करणारा स्नायूंचा पडदा. ह्यांपैकीं कोणीहि तक्रार केली तरी ती 'छातींत दुखतें' ह्याच शब्दांनीं प्रकट होते.

बरें, ही तक्रार नेमकी कोणाची हें मेंदूला तरी नीट कळतें काय? नेहमींच कळतें असें नाहीं. बोटास कांटा बोंचला तर डोळे मिटूनहि आपण ती जागा दाखवूं शकतों. परंतु शरीराच्या आंतील इंद्रियांची गोष्ट निराळी आहे. हृदयाकडून व अन्ननलिकेकडून येणारे मज्जातंतु पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूच्या साधारणपणें ज्या भागांत शिरतात, त्याच भागांत छातीच्या कातडीचे व दंडाच्या आंतील बाजूचे तंतूहि शिरतात. एका टपालकचेरींत दहा गांवांचीं पत्रें यावींत आणि कांहींवर गांवाचें नांवच नसावें, तसा हा प्रकार होतो. टपालवाला तीं पत्रें ज्या गांवाहून नेहमीं टपाल येतें त्याच गांवचीं समजतो. म्हणून हृदयाचें दुखणें डाव्या हातांत जाणवतें आणि अन्ननलिकेंतील आम्लाची जळजळ हृदयाची वाटते. १९३८ सालीं जे. एच. केलग्रेन ह्या इंग्रज डॉक्टरांनीं स्नायूंत थोडेंसें मिठाचें पाणी टोंचून असें दाखविलें कीं, वेदना पुष्कळदां टोंचलेल्या जागेपासून बरीच दूर जाणवते. आपल्या भाषेंतहि ह्या संदिग्धपणाची एक गंमतीची खूण आहे. 'काळजांत धस्स झालें' असें म्हणतांना आपण हात छातीवर ठेवतों. परंतु खाटकाकडे काळीज मागितलें तर तो यकृत काढून देतो! सारांश, दुखण्याची जागा हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

आतां इतिहासाकडे वळूं. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें मोठें यादवी युद्ध झालें. त्या काळीं फिलाडेल्फिया शहरांतील टर्नर्स लेन ह्या लष्करी रुग्णालयांत जेकब मेंडेस डा कोस्टा ह्या नांवाचे एक डॉक्टर काम करीत असत. त्यांच्याकडे तरुण शिपाई एकसारखीच कहाणी घेऊन येऊं लागले. छातींत डाव्या बाजूस कळ, थोड्याशा श्रमानें धडधड, दम लागणें, भोंवळ, झोंपमोड. पुष्कळांस आधीं ताप किंवा अतिसार होऊन गेलेला असे. अनेकांनीं दीर्घकाळ कूच व पहारे केलेले असत. त्या वेळीं क्ष-किरण नव्हते, कारण त्यांचा शोध १८९५ सालीं लागला. हृदयाचा विद्युत्-आलेख तर पुढें विसाव्या शतकांत आला. डा कोस्टा ह्यांच्यापाशीं हात, कान आणि चिकाटी हींच साधनें होतीं. त्यांनीं तीनशेंहून अधिक रोगी पाहिले, त्यांच्या हकीकती बारकाईनें लिहून ठेविल्या, आणि १८७१ सालीं त्यांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, ह्या शिपायांच्या हृदयाच्या रचनेंत बिघाड आढळत नाहीं. बिघाड आहे तो त्याच्या कार्यांत. ह्या अवस्थेस त्यांनीं 'क्षुब्ध हृदय' अशा अर्थाचें नांव दिलें. शिपायाचें दुखणें खरें मानून त्यांनीं विश्रांति व औषध दिलें, आणि पुष्कळ जण बरे होऊन कामावर परत गेले.

ह्या कोड्यास पुढें अनेक उत्तरें सुचविलीं गेलीं. १८७० सालीं आर्थर मायर्स ह्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनीं शिपायाच्या छातीवर आवळलेले पट्टे व ओझें ह्यांस दोष दिला. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि हजारों ब्रिटिश तरुण हेंच दुखणें घेऊन रणांगणावरून परतले. तेव्हां सर टॉमस लुईस ह्यांनीं लंडनमधील हॅम्पस्टेड येथील लष्करी रुग्णालयांत त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ह्या तरुणांस जें होतें तें निरोगी मनुष्यासहि होतें. मात्र निरोग्यास तें डोंगर चढल्यावर होतें व ह्यांस जिना चढल्यावर. म्हणून १९१८ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं त्यास श्रमांशीं निगडित असें नवें नांव दिलें. त्यांची उपचारपद्धतिहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रोग्यास महिनोगणती बिछान्यावर निजवून 'तुझें हृदय नाजूक आहे' असें सांगण्याऐवजीं त्यांनीं त्यास पायरीपायरीनें वाढणारी कवाईत करावयास लाविली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, पॉल वुड ह्या हृदयरोगतज्ज्ञांनीं ह्याच विषयावर लंडनमध्यें व्याख्यानें दिलीं व ह्या दुखण्यांत भीति आणि चिंता ह्यांचा वाटा फार मोठा असल्याचें प्रतिपादिलें. शेवटीं १९५० सालीं पॉल डडली व्हाइट व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा १७३ रोग्यांचा वीस वर्षांनंतर घेतलेला शोध प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, कित्येकांची तक्रार पुष्कळ वर्षें टिकली, पण ह्या दुखण्यामुळें त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाण वाढलें नव्हतें.

ऐंशीं वर्षांच्या ह्या इतिहासांत नांवें पालटलीं, उपपत्ति पालटल्या. परंतु दोन गोष्टी कायम राहिल्या. एक, त्या तरुणांची वेदना खरी होती. दुसरी, त्यांचें हृदय शाबूत होतें. ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या ठिकाणीं एकाच वेळीं सत्य असूं शकतात, हेंच आपल्या तरुणानें व त्याच्या वडील मंडळींनीं मनावर ठसविण्यासारखें तत्त्व आहे. 'कांहीं आढळत नाहीं' म्हणजे 'ज्या घातक कारणांचा आम्हीं शोध केला, तीं आढळलीं नाहींत' एवढेंच. वेदनेचें कारण मुळीं नाहीं असा त्याचा अर्थ होत नाहीं.

मग कारण काय असावें? डा कोस्टा ह्यांच्यापाशीं जी एकच मोठी टोपली होती, तींतील जिन्नस आजचें वैद्यक वेगवेगळे करून दाखवूं शकतें. लहान मुलें व किशोरवयीन विद्यार्थी ह्यांच्या छातीच्या दुखण्यांत हृदयाचें कारण शेंकडा पांचाहूनहि कमी जणांत निघतें. पुढें तरुणपणींहि हृदयापेक्षां इतर कारणेंच पुष्कळ अधिक आढळतात. त्यांतील मुख्य मुख्य कारणांची ओळख करून घेऊं.

पहिलें कारण छातीच्या भिंतीचें. बरगडी जेथें कूर्चेस व कूर्चा मधल्या हाडास मिळते, तेथें दाह होतो. जोराचा खोकला, जड ओझें, क्रिकेटची गोलंदाजी किंवा नव्यानें सुरू केलेला व्यायाम हीं निमित्तें पुष्कळदां असतात. कधीं निमित्त सांपडतहि नाहीं. एका बोटानें दाबलें असतां 'येथेंच, हीच कळ' असें रोगी सांगतो. ह्याच जातीचें, परंतु सूज असलेलें दुखणें अलेक्झांडर टीत्से ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें १९२१ सालीं वर्णिलें, व तें त्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. हें दुखणें आठवडे किंवा महिने रेंगाळतें, कधीं परत येतें, पण अपाय करीत नाहीं. शेक, थोडी विश्रांति व डॉक्टरांनीं दिलेलें साधें वेदनाशामक औषध एवढें बहुधा पुरतें.

दुसरें दुखणें फार विलक्षण आहे. मुलगा वांकून वाचीत बसलेला असतो. एकाएकीं डाव्या स्तनाच्या खालीं सुई टोंचल्यासारखी तीव्र कळ येते. श्वास खोल घेववत नाहीं, म्हणून तो उथळ श्वास घेतो. अर्धें मिनिट, फार तर तीन मिनिटें, आणि कळ जशी आली तशी निघून जाते. घाम नाहीं, ओकारी नाहीं, मागें कांहीं खूणहि नाहीं. मिलर व टेक्सिडोर ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं १९५५ सालीं ह्याचें वर्णन केलें. शाळकरी मुलें व तरुण ह्यांत तें पुष्कळ आढळतें, वय वाढलें कीं बहुधा नाहींसें होतें, आणि त्यापासून धोका मुळींच नाहीं. ताठ बसून, कळ सोसून, एकदां खोल श्वास घेतला तर कित्येकांची कळ तेथेंच सुटते.

तिसरें कारण अन्नमार्गाचें. जठरांतील आम्ल वर अन्ननलिकेंत आलें म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागें जळजळ होते; जेवून लगेच आडवें झाल्यास किंवा ओणवें झाल्यास ती वाढते. रात्रीं उशीरां भरपेट जेवण, उपाशीं पोटीं चहावर चहा व तंबाखू हे तिचे सोबती आहेत. तरुणांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मुरुमांसाठीं दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसारख्या कांहीं गोळ्या घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच निजलें, तर गोळी अन्ननलिकेंतच अडकून तेथें व्रण पाडते, व दुसऱ्या दिवसापासून गिळतांना छातींत भयंकर दुखतें. अशी गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व निदान अर्धा तास तरी आडवें होऊं नये.

चवथें कारण फुप्फुसांकडील. फुप्फुसाच्या गराला वेदना कळत नाहीं, परंतु छातीच्या आंतल्या अस्तराला ती चांगलीच कळते. म्हणून त्या अस्तरास दाह झाला तर प्रत्येक दीर्घ श्वासाबरोबर कळ येते. आपल्या देशांत ह्याचें एक कारण क्षयरोग असूं शकतें. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणें हीं लक्षणें जोडीस असतील तर थुंकीची व क्ष-किरणांची परीक्षा करून घेण्यांत हयगय करूं नये. दम्यामध्येंहि, विशेषतः धांवल्यानंतर, छाती आवळल्यासारखी वाटते. काल जें अगम्य होतें तें आज कसें उलगडतें ह्याचें एक उदाहरणहि येथें देण्यासारखें आहे. बरगड्यांत एकाएकीं असह्य कळ व ताप आणणाऱ्या एका सांथीस अमेरिकेंत 'सैतानाची पकड' म्हणत. डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावरील तिच्या रोग्यांचें वर्णन सिल्वेस्ट ह्या डॉक्टरांनीं १९३० च्या सुमारास केलें. पण कारण कळलें नव्हतें. १९४८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील कॉक्सॅकी गांवच्या मुलांत सांपडलेल्या विषाणूंच्या कुळांतच तें असल्याचें पुढें सिद्ध झालें, आणि सैतानास रजा मिळाली.

पांचवें कारण मनाचें. आणि येथें वाचकांनीं विशेष सावध राहून वाचावें, कारण 'मनाचें' म्हणजे 'खोटें' अशी आपली जुनी चुकीची समजूत आहे. भीति वाटली कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथि रक्तांत एक रस सोडतात. त्यानें हृदय जोरानें धडधडतें, स्नायु ताठतात, श्वास जलद होतो. जलद श्वासानें रक्तांतील कर्बवायु प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. त्यामुळें रक्ताची रासायनिक समता ढळून बोटांस व ओठांभोंवतीं मुंग्या येतात, डोकें हलकें होतें, छाती आवळते. हीं सारीं लक्षणें मोजतां येण्याजोग्या शारीरिक क्रियांचीं फळें आहेत. तीं पाहून मनुष्य अधिक भितो, आणि भीतीमुळें तीं वाढतात. रहाटगाडग्याप्रमाणें हें चक्र फिरत राहतें. परीक्षेच्या दिवसांत, घरांत कोणी हृदयविकारानें नुकतेंच वारलें असतां, किंवा नोकरीची विवंचना असतां हें चक्र सहज सुरू होतें. आम्हां शिक्षकांस हें दृश्य अपरिचित नाहीं. अशा प्रसंगीं पाठीला टेका देऊन बसावें, श्वास सावकाश नाकानें घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. कांहीं मिनिटांत चक्र मंदावतें.

एवढें वाचून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, तरुणाच्या छातींतील प्रत्येक कळ निरुपद्रवीच असते. तरुणपण हें कांहीं हृदयाचें कवच नव्हे. आणि भारतीय उपखंडांतील लोकांस हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार पाश्चात्त्यांपेक्षां सरासरीनें लौकर गांठतो, तंबाखू ओढणाऱ्यांस तर अधिकच. म्हणून पुढील लक्षणें प्रत्येकानें पाठ करून ठेवावींत. कळ धांवतांना किंवा जिना चढतांना येते व थांबल्यावर जाते. व्यायाम करतांना शुद्ध हरपते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखें दडपण येऊन तें जबड्यांत, खांद्यांत वा हातांत पसरतें आणि घाम, ओकारी किंवा दम ह्यांसह दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकतें. एकाएकीं एका बाजूस कळ येऊन श्वास अपुरा पडतो (उंच, सडपातळ तरुणांत फुप्फुसांतून हवा बाहेर सुटून हें घडूं शकतें). पोटरी सुजून दुखते व नंतर छातींत दुखून दम लागतो किंवा खोकल्यांतून रक्त पडतें. कांहीं दिवस ताप येऊन गेल्यावर छातीचें दुखणें निजल्यानें वाढतें व पुढें वांकून बसल्यानें कमी होतें. फाडल्यासारखी कळ पाठींत जाते. ह्यांपैकीं कांहींहि घडल्यास 'वायु असेल' म्हणून वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. तसेंच घराण्यांत कोणी ऐन तारुण्यांत अकस्मात् वारलें असेल, अथवा लहानपणीं सांधे धरणारा ताप येऊन हृदयास इजा झाली असेल, तर साधीशी वाटणारी कळहि डॉक्टरांस सांगावी. ह्या गोष्टी विरळ आहेत. परंतु विरळ म्हणजे अशक्य नव्हे.

डॉक्टरांकडे जातांना रोग्यानें आपली हकीकत लिहून न्यावी, असें सुचवावेसें वाटतें. कळ केव्हां आली, त्या वेळीं काय चाललें होतें, एका बोटानें दाखवितां येते कीं सारा तळहात लागतो, टोंचते कीं जळते कीं दाबते, किती वेळ टिकते, कशानें वाढते, कशानें थांबते, जोडीला आणखी काय होतें, कोणतीं औषधें चालूं आहेत, तंबाखूची संवय आहे काय, हें सर्व दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींवरून सांगतां आलें, तर डॉक्टरांचें अर्धें काम होतें. डा कोस्टा ह्यांचें मुख्य साधन शिपायाची हकीकत हेंच होतें, आणि इतक्या यंत्रांनंतरहि तें मागें पडलेलें नाहीं. यंत्रांच्या मर्यादाहि जाणून असाव्या. साधा विद्युत्-आलेख हृदयाच्या कांहीं सेकंदांचेंच चित्र घेतो. कळ अथवा धडधड आठवड्यांतून एकदां येत असेल तर चोवीस तास किंवा अधिक काळ नोंद ठेवणारें लहान यंत्र अंगावर बाळगावें लागतें. हृदयाची रचना पाहावयाची तर ध्वनिलहरींचें चित्र लागतें. ह्यांपैकीं कोणती परीक्षा आपल्यास अवश्य आहे व ती कां, हें डॉक्टरांस निःसंकोचपणें विचारावें. मात्र योग्य परीक्षा एकदां झाल्यावर त्याच त्याच पुन्हां पुन्हां करीत सुटूं नये. प्रत्येक नव्या निर्वाळ्यानें चार दिवस बरें वाटतें. पांचव्या दिवशीं आणखी एक निर्वाळा हवासा वाटतो. आणि घरचा पैसा व मनाची शांति दोन्ही खर्ची पडतात. लक्षणांत बदल झाला तर अर्थातच डॉक्टरांकडे परत जावें.

निर्वाळा मिळाल्यानंतर काय करावें? लुईस ह्यांची कवाईत आठवावी. घातक कारण नाहीं असें ठरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें आज दहा मिनिटें चालावें, पुढील आठवड्यांत वीस, मग चढण. शरीरास श्रमांची संवय लागते तशी भीतीहि ओसरते. क्षणोक्षणीं नाडी चांचपडण्याची संवय लागली असेल तर ती टाकावी. झोंप व जेवण ह्यांच्या वेळा नेमाव्या, तंबाखूस स्पर्श करूं नये. कळ आली तर तिला ओळखावी, जाऊं द्यावी, आणि हातचें काम पुढें चालवावें. इतक्यानेंहि भीति हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. वेदनेविषयींचे विचार व त्यांमुळें पडलेल्या संवया हळुहळू पालटण्याची जी उपचारपद्धति आज प्रचारांत आहे, तिचा अशा रोग्यांस उपयोग होतो, हें आतां सिद्ध झालें आहे.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. घरांतील मुलगा किंवा मुलगी 'छातींत दुखतें' असें म्हणेल, तेव्हां 'ढोंग' हा शब्द ओठांवर येऊं देऊं नका. मुलींच्या तक्रारीकडे तर आपल्या घरांत अधिकच दुर्लक्ष होतें. त्यांचीं दुखणीं 'अशक्तपणा' म्हणून किंवा लग्नाच्या बोलण्यांत अडचण नको म्हणून झांकून ठेवलीं जातात, हें आपण सर्वच जाणतों. एकदां नीट परीक्षा करवून घ्या, निर्वाळा मिळाला तर त्यावर तुम्हीहि विश्वास ठेवा, आणि मग तिच्याबरोबर किंवा त्याच्याबरोबर संध्याकाळीं फिरावयास निघा. आणि तरुण मित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, कारण सांपडलें नाहीं म्हणून वेदना खोटी ठरत नाहीं, आणि वेदना खरी आहे म्हणून हृदय फुटकें ठरत नाहीं. ह्या दोन वाक्यांमध्यें जी वाट आहे, तिनेंच ते शिपाई कूच करीत आपापल्या घरीं परतले.